उसना कागद

८ डिसेंबर, रविवार

काम आमच्या कंपनीला मिळालं. कोरड्या नदीपलीकडच्या विहिरींपासून मोठ्या लाइनपर्यंत चारशे मीटर पाइप, एकोणचाळीस जोड. आजवर आम्ही पाण्याच्या लाइनी केल्या, टाक्यांना जिने लावले, कुंपणं घातली. वायूचं हे पहिलंच काम, आणि वायू तो सडक्या अंड्याच्या वासाचा. वास येतो तोवर माणूस वाचलेला असतो. वास यायचा थांबला की समजावं, नाक मेलं, आता आपली पाळी.

थानी सकाळी चाव्या वाजवत शेडमध्ये आला. थानी आमचा व्यवस्थापक आणि माझा शाळासोबती. म्हणाला, "अबू अज्जान, आजपासून तू नुसता वेल्डिंगवाला नाहीस. अठ्ठ्याऐंशी घरांचा जीव तुझ्या हातात." कंपनी गावाची आहे, घरटी एक वाटा, म्हणून अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं, जीव अल्लाहच्या हातात, माझ्या हातात फक्त मुखवटा.

अडचण एकच आहे. असं काम करण्याआधी प्रोसिजर पास करून घ्यावी लागते. पाइप कुठल्या जातीचा, रॉड कुठला, करंट किती, पाइप किती गरम, थर किती, हे सगळं ठरवून एक तुकडा जोडायचा. लॅबवाले तो कापतात, वाकवतात, टोचून त्याचा कडकपणा मोजतात. टिकला की तो कागद आपला, आणि पुढचे सगळे जोड त्या कागदाप्रमाणे. आमच्याकडे पाण्याच्या पाइपचा कागद आहे. या पाइपचा नाही. किनाऱ्यावरच्या लॅबमध्ये सहा आठवड्यांची रांग आहे आणि काम पाच जानेवारीला सुरू व्हायला हवं. नाही झालं तर ते यादीतल्या पुढच्या कंत्राटदाराकडे जाईल.

१० डिसेंबर, मंगळवार

काल मुहन्नाकडे जेवायला गेलो होतो. मुहन्ना म्हणजे माझ्या पत्नीचा, रायाचा, धाकटा भाऊ. विसाव्या वर्षी तो माझ्या हाताखाली ग्राइंडर धरायला आला. आता त्याच्या कंपनीत दोनशे माणसं आहेत. नवी बैठक बांधली आहे, तिच्या एका टोकाला बसलं तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारावी लागते. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ज्याचं त्याचं नशीब.

मी अडचण सांगितली तर तो हसला. "दाजी, एवढंच? माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी पास झालेला कागद आहे. हाच पाइप, हाच वायू. वरचं नाव बदला नि द्या."

"एकाचा कागद दुसऱ्याला चालतो?"

"गावात लग्नाची मोठी हंडी कुणाची असते? ज्याची असते त्याचं नाव कडेला कोरलेलं असतं. भात सगळ्यांचाच शिजतो ना?"

मग म्हणाला, "आणि तो तुकडा जोडला कुणी? शहातानं. शहाता आता आहे कुणाकडे? तुमच्याकडे. हात तुमच्याकडे, कागद माझ्याकडे. एकत्र आले की झालं."

घरी येताना विचार केला. आमच्या गावात पाटाच्या पाण्याची पाळीसुद्धा उसनी देतात. याच्या खजुरांना आज पाणी नको असेल तर तो त्याला देतो, पुढच्या आठवड्यात परत घेतो. पाण्याहून मोठं काय आहे? पाणी उसनं चालतं तर कागद का चालू नये?

११ डिसेंबर, बुधवार

शहाताला विचारलं. तो मिसरचा, नाईलच्या मुखाकडचा. वयानं माझ्याएवढाच. हात असा की जोड बघून वाटतं कुणी शिवण घातली आहे. आणि तोंड बंद असेल तर समजावं, मुखवट्याच्या आत आहे.

"तो तुकडा? आठवतो तर. जानेवारी होता, मुकादम. अशी थंडी की चहात चमचा धरला आणि हात थरथरूनच साखर विरघळली. आधी गॅसची टॉर्च पेटवून हात शेकले, मग पाइप शेकला, मग दोघं कामाला लागलो."

"आणि मुहन्ना कुठे होता?"

"मालक? मालक कागदात होते."

आम्ही दोघं हसलो. या माणसाला सरळ उत्तर ठाऊक नाही. पण तुकडा त्यानंच जोडला ही खात्री झाली. मनावरचं ओझं उतरलं.

१५ डिसेंबर, रविवार

थानीनं काम देणाऱ्या मोठ्या कंपनीच्या नियमांचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. एका कंत्राटदाराचा कागद दुसऱ्याला चालत नाही. दोघे एकाच कारभाराखाली असतील तरच चालतो.

"मग सोपं आहे," थानी म्हणाला. "मुहन्नाला महिनाभर आपला भागीदार दाखवू. काम झालं की काढून टाकू. कंपन्यांची सोयरीक. तुमची तर आधीच आहे."

मला ते सोंग पटलं नाही. जे नाही ते आहे म्हणून सांगायचं? मी साफ नकार दिला. थानी म्हणाला, "तू ना अबू अज्जान, मशिदीतच राहायला हवा होतास." त्यापेक्षा मुहन्नाचे आकडे सरळ आपल्या कागदावर उतरवून घेणं बरं, असं ठरलं. दुपारभर बसून उतरवले. माझं अक्षर चांगलं आहे, गावच्या शाळेत मास्तर बोटांवर पट्टी मारायचे त्याचं फळ. पाइप आधी गरम करावा का, या रकान्यात मुहन्नाच्या कागदावर 'नाही' होतं, मीही 'नाही' लिहिलं. हवेचं तापमान तिथे कोरं होतं, मीही कोरं ठेवलं. शेवटी एक ओळ छापलेली असते: 'हा तुकडा आमच्या देखरेखीखाली जोडण्यात आला.' खाली सही केली.

आता अस्रच्या, तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाला जातो.

१६ डिसेंबर, सोमवार

आज नमाजात तीन रकाती झाल्या की चार, आठवेना. पुन्हा पढली.

१९ डिसेंबर, गुरुवार

मोठ्या कंपनीच्या इन्स्पेक्टर आल्या होत्या. नजीरा त्यांचं नाव, तिशीच्या आतल्याच असतील, शेजारच्या गावच्या. त्यांचे वडील खजुरांचे दलाल होते, मी ओळखायचो. मला काका म्हणतात. कागद हातात घेऊन उभ्याउभ्याच वाचला. मला वाटलं, ही पोर फक्त आकडे जुळवणार नि शिक्का मारणार.

"काका, त्या दिवशी हवा कशी होती?"

"कुठल्या दिवशी?"

"तुकडा जोडला त्या दिवशी. तापमान लिहायचं राहिलंय. साधारण सांगा, मी भरते. ऊन होतं, थंडी होती?"

थानी मागून म्हणाला, "हिवाळा होता. म्हणजे थंडी." त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. पेन रकान्यावर टेकलेलं.

मला थंडी म्हणता आलं असतं. शहातानं सांगितलंच होतं. पण मी सही करून साक्ष दिली होती, आणि साक्षीदाराला हवा ठाऊक नाही. खोट्या साक्षीबद्दल लहानपणापासून ऐकलेलं सगळं त्या एका रकान्यात येऊन बसलं.

"मी नव्हतो तिथे," मी म्हटलं.

त्यांनी पेन मिटलं. थानीनं जमिनीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मग हा कागद अजून माझ्यापर्यंत आलाच नाही. फाडा. जानेवारीअखेरपर्यंत मुदत वाढवून मागते. तुमचा तुम्ही तुकडा करा. पुरी तपासणी किनाऱ्यावरच होईल, पण कडकपणा आमच्या लॅबमध्ये आठवड्यात मोजून देते. निदान आधी कळेल."

जाताना म्हणाल्या, "काका, हा नियम कागदासाठी नाही. तुकड्याशेजारी कोण उभं होतं, त्याच्यासाठी आहे."

असं कडक बोलून गेल्या. आजकालच्या मुलांना मोठ्यांची भीड राहिली नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

रायाला सगळं सांगितलं. ती खजुराच्या बिया काढत बसली होती. म्हणाली, "मग मुहन्ना तरी होता का तिथे?"

मी म्हटलं, तो नसेल तर त्याचा माणूस असेल. कंपनी एवढी मोठी, तिथे सगळं रीतसर होतं. तिनं दोन-तीन बिया काढल्या. मग म्हणाली, "त्यानं तुम्हाला चांगल्या मनानं दिला होता हो कागद." मी म्हटलं, मी कुठे नाही म्हणतोय?

२४ डिसेंबर, मंगळवार

आज आमचा तुकडा झाला. आकडे मुहन्नाच्या कागदातलेच घेतले, ते एकदा पास झाले आहेत. पहाटेची फजर पढून सरळ शेडमध्ये गेलो. गाड्यांच्या काचांवर दव होतं. मी एका हातात वही, एका हातात घड्याळ घेऊन शहाताच्या खांद्याशी उभा राहिलो.

"मुकादम, तुम्ही असे उभे राहिलात की मला वाटतं पहिल्या दिवशीची शाळा आहे."

"कागदात आहे तेच करायचं, उस्ताद. कमी नाही, जास्त नाही."

त्यानं सवयीनं टॉर्चकडे हात नेला. मी म्हटलं, "ठेव ती. गरम करायचं म्हणून कागदात नाही."

"नुसतं दव उडवतो."

"दव फडक्यानं पूस."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, खांदे उडवले, फडकं घेतलं. नंतर पाच तास मी हललो नाही. प्रत्येक थराचा करंट लिहिला, वेळ लिहिली, हवा अकरा अंश लिहिली. पाय सुजले. पण जोड झाल्यावर वहीवर सही करताना जे वाटलं, ते बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. ही सही खरी होती.

३० डिसेंबर, सोमवार

निकाल नाही. नव्या मुदतीवर थानीनं दोन जनरेटर भाड्यानं ठरवून टाकले. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, मुहन्नाचा पास झाला मग आपला का होणार नाही? पोलाद काय नाव विचारतं?

२ जानेवारी, गुरुवार

नापास. कडकपणा हद्दीच्या बराच वर. जोडाच्या कडेचं पोलाद इतकं कडक झालं आहे की त्या वायूत ते शिळ्या भाकरीसारखं तडकेल. नजीराबाईंनी आकडे फोनवर वाचले, मी लिहून घेतले. माझ्या हस्ताक्षरातही ते वाईटच दिसतात.

तोच पाइप, तोच रॉड, तेच आकडे, तोच हात. असं कसं?

३ जानेवारी, शुक्रवार

जुम्याच्या नमाजानंतर शहाताच्या खोलीवर गेलो. तो बनियनवर कांदे चिरत होता. मी कागद पुढे ठेवला. त्याला वाचता येत नाही, तरी बघितला.

"उस्ताद, तेव्हा वेगळं काय केलं होतंस?"

"काही नाही. शेकला होता."

"काय?"

"पाइप. सांगितलं तर होतं तुम्हाला. टॉर्चनं. थुंकी उडाली की चर्र वाजेल इतका. थंडीत मी नेहमीच शेकतो, माझ्या वस्तादानं शिकवलंय. या वेळी तुम्ही नको म्हणालात, म्हणून नाही शेकला."

"मग मुहन्नाच्या कागदात का नाही ते?"

"मला कुणी विचारलंच नाही, मुकादम. तुकडा झाला, मी झाकून ठेवला. दुपारी कचेरीतला एक पोरगा आला, करंट किती, रॉड कुठला, विचारून गेला. गरम केलास का, ते नाही विचारलं. मी म्हटलं, ते तर कुणीही करतं, त्यात सांगायचं काय?" मग सुरी खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही शेजारी उभे होतात, तरी तुम्हीसुद्धा टॉर्च काढून घेतलीत. ते पोरगं तर उभंही नव्हतं."

मी उठलो. त्यानं आग्रह केला तरी जेवलो नाही.

५ जानेवारी, रविवार

काल आणि आज एकच हिशेब डोक्यात. आमचं सोपं आहे, पाइप शेकून नवा तुकडा करायचा. पण मुहन्नाची माणसं तीन वर्षं त्याच कागदावर जोड घालताहेत. ती शहाता नाहीत. ती कागदात असेल ते करतात, आणि कागदात लिहिलं आहे, गरम करायचं नाही.

उन्हाळ्यात बिघडत नाही. उन्हात पडलेल्या पाइपला हात लावला तर पोळतो, तिथे सूर्यच टॉर्च. प्रश्न हिवाळ्यातल्या सकाळच्या जोडांचा. चौदाव्या किलोमीटरची लाइन त्यांनी गेल्या जानेवारीत घातली. तिच्यात आज वायू आहे. तिच्या पलीकडे उंट चरतात, आणि उंटांमागे माणसं.

हे ठाऊक असलेली माणसं दोन. शहाता आणि मी. शहाताला त्याचा अर्थ कळलेला नाही.

६ जानेवारी, सोमवार

रायाला सांगितलं. तिनं लगेच समजून घेतलं, माझ्याहून लवकर. विचारलं, "हे कळलं तर त्याचं काय होईल?"

"लाइन बंद. सगळे जोड उघडून तपासणार. नवीन काम मिळणार नाही, निदान दोन वर्षं. कदाचित कधीच नाही."

"आणि नाही कळलं तर?"

तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. "आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी त्याला भरवलंय. तुम्ही बाहेर बोलण्याआधी त्याच्याशी बोला. एवढंच मागते."

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तिनं मागितलेल्या गोष्टी मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

७ जानेवारी, मंगळवार

अस्रनंतर मुहन्नाच्या बैठकीत गेलो. तो एकटा होता. त्यानं स्वतः कहवा ओतून दिला. मी कप घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

त्याचा हात किटलीवरच राहिला. आमच्याकडे हे रोज घडत नाही. मागणं मोठं असलं की पाहुणा कप ठेवतो, आणि यजमानानं शब्द दिल्याशिवाय उचलत नाही. माझ्या मेव्हण्याच्या घरी मी असं कधी करीन असं मला वाटलं नव्हतं.

"बोला, दाजी."

मी सांगितलं. टॉर्च, दव, कडकपणा, चौदावा किलोमीटर. त्यानं एकदाच विचारलं, "शहाता नक्की म्हणाला, शेकला होता?"

"नक्की."

"मी त्या दिवशी राजधानीत होतो. गाडी घ्यायला." मग त्यानं दाराकडे पाहिलं. "तुम्हाला बरं वाटत असेल."

"कशाचं?"

"इतकी वर्षं माझी गाडी बघताय. बैठक बघताय. माझा ग्राइंडर धरणारा पोर, आणि त्याच्या बैठकीत जागा पुरत नाही. आज तुम्हाला बरं वाटत असेल."

मी म्हणणार होतो की तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ते वाक्य तोंडाशी आलं आणि मला ते ओळखीचं वाटलं, फार वेळा वापरलेलं. म्हणालो, "थोडं वाटलं. परवा. आज नाही."

तो हसल्यासारखा झाला. "काय मागताय?"

"तू स्वतः लिहून कळव. मी नाही, तू."

कपातल्या कहव्यावर साय धरल्यासारखं झालं. बाहेर सूर्यास्ताची, मगरिबची अजान सुरू झाली, तेव्हा तो म्हणाला, "प्या. लिहितो."

मी थंड कहवा प्यायलो आणि निघालो.

९ जानेवारी, गुरुवार

काही नाही. मुहन्नाच्या दोन गाड्या खोदायचं यंत्र घेऊन चौदाव्या किलोमीटरच्या रस्त्यानं जाताना दिसल्या. नवं काम मिळालं असणार. माणूस थांबत नाही.

११ जानेवारी, शनिवार

आमचा दुसरा तुकडा करायचा आहे, या वेळी शेकून, 'शंभर अंश' असं लिहून. पण नजीराबाई फोन उचलत नाहीत. कचेरीत कुणी जागेवर नाही, सगळे कुठल्याशा तातडीच्या कामावर गेलेत म्हणे. मोठ्या कंपनीला छोट्यांची आठवण सवडीनं येते.

राया भावाकडे हरीसचं, गहू-मांसाच्या खिमटीचं, भांडं घेऊन गेली होती. आली तेव्हा डोळे लाल होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, त्याला भूक नव्हती. माझ्याबद्दल तो काही बोलला असणार. मी खोलात गेलो नाही.

१२ जानेवारी, रविवार

पाच दिवस झाले. त्यानं शब्द दिला, मी कहवा प्यायलो. आमच्या वडिलांच्या काळात याच्यापुढे कागद लागत नसे. आता शब्द द्यायचा आणि नवीन काम घ्यायचं. काल रात्री चांगलीच थंडी पडली. थंडीत पोलाद आकसतं.

१३ जानेवारी, सोमवार

लिहिलं. फजरनंतर बसलो, एक पान. मुहन्नाचं नाव तीनदा आलं, प्रत्येक वेळी हात थांबला. शेवटी 'ही माहिती मला प्रत्यक्ष ठाऊक आहे' असं लिहून सही केली. थानीला न दाखवता गाडी घेऊन गेलो आणि नजीराबाईंच्या कचेरीत शिक्का मारून दिलं. मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. पण बरोबर केलं.

१४ जानेवारी, मंगळवार

नजीराबाई स्वतः शेडमध्ये आल्या. बुटांवर लाल माती, डोळ्यांखाली काळं. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"काका, तुमचं पत्र वाचलं. मला हे सांगायची परवानगी नाही, पण उद्या सगळ्यांना कळणारच आहे. मुहन्नांचं पत्र माझ्याकडे सात तारखेला आलं. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी."

मी तिथून मगरिबला निघालो होतो. म्हणजे मी घरी पोचलो नसेन.

"त्याच रात्री लाइन बंद केली. त्यांचीच माणसं, त्यांचंच यंत्र, खर्चाचं एक अक्षर न काढता खोदताहेत. बासष्ट जोड हिवाळ्यातले. एकोणतिसाव्यात केसाएवढा तडा सापडला. वाढायला लागला होता."

मी खाली बसलो.

"माझं पत्र परत द्या," मी म्हटलं.

"आलेला कागद परत जात नाही, काका. तारखेसकट फाइलला लागतो. सातच्या मागे तेराचा."

"तुम्ही आधी एक शब्द सांगितला असता तर."

"तुम्ही एक शब्द विचारला असता तर. मला नाही. त्यांना."

या वेळी मला त्या उर्मट वाटल्या नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

नवा तुकडा झाला. शंभर अंश. शहातानं टॉर्च पेटवण्याआधी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. लिहिण्यासारखं एवढंच. राया सगळं पहिल्यापासून जाणत होती. मुहन्नानं तिला सांगितलं होतं, दाजींना सांगू नको, त्यांना वाटेल मी त्यांच्यासाठी केलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

जुम्यानंतर मुहन्नाकडे गेलो. बैठक रिकामी, एवढी मोठी की माझीच पावलं मला ऐकू आली. कामं थांबली की माणसंही येत नाहीत. मुहन्ना आतल्या खोलीत जमिनीवर नकाशे पसरून बसला होता. मी दारातच उभं राहून सांगितलं. तेरा तारखेला मी पत्र लिहिलं. तुझ्या शब्दावर कहवा पिऊनही मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. ते पत्र फाइलमध्ये राहणार आहे, कुणी उघडलं तर दिसेल. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो.

त्यानं नकाशावरचं बोट काढलं नाही.

"तेराला? मला वाटलं होतं दहालाच लिहाल."

"तुला ठाऊक होतं?"

"दाजी, मी तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढली. माझा एकही जोड तुम्ही दुसऱ्यांदा घासल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही. तुम्ही माझ्या शब्दावर थांबणार होतात होय?" मग मान वर केली. "खरं सांगू? तुम्ही लिहाल हे माहीत नसतं, तर मीही त्या संध्याकाळी बसलो असतो की नाही, कुणास ठाऊक. उद्यावर टाकलं असतं. मग परवावर."

हे तो माझी लाज राखायला म्हणाला की खरंच, ते मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. माफी मागितली. तो म्हणाला, "बसा आता. उभ्यानं माफी मागणारा माणूस वसुलीला आल्यासारखा दिसतो."

२८ जानेवारी, मंगळवार

आमचा कडकपणा हद्दीच्या खूप खाली आला. नजीराबाईंच्या ओळखीनं किनाऱ्यावरच्या लॅबनं बाकीचंही लवकर तपासलं. पास. थानी गावभर खजूर वाटत सुटला. मला म्हणाला, "आता हा कागद कुणी उसना मागितला तर?" मी म्हटलं, मागायला आलेल्याला कोरा कागद दे आणि शेडमध्ये उभं कर. तो म्हणाला, देवा, आता हा भाषणंही करणार.

मुहन्नाची सगळी कामं थांबलेलीच आहेत. दीडशे माणसं त्यानं घरी पाठवली. त्याला पुन्हा उभं राहायचं असेल तर पहिल्या तुकड्यापासून सुरुवात.

२ फेब्रुवारी, रविवार

मुहन्नाचा निरोप आला: सकाळी येऊ शकाल का, सही नको, नुसते या. फजरनंतर गेलो.

त्याच्या शेडमध्ये तो पाइपाच्या तुकड्याशेजारी उभा होता, पांढऱ्याशुभ्र झग्यात. त्याला दुसरे कपडे राहिलेच नसावेत. काखेत वही, कानामागे पेन. वेल्डर त्याचा, नेपाळचा एक शांत माणूस. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. वाफ निघत होती तोंडातून.

त्यानं हवा मोजली आणि लिहिली. टॉर्च पेटली. आधी दव उडालं, मग पाइप काजळीनं काळा झाला, मग त्याच्यावरची हवा थरथरायला लागली. मुहन्नानं तापमानाचा खडू काढला, जो ठरलेल्या गरमीला वितळतो. एक रेघ मारली आणि माझ्याकडे वळला.

"दाजी, झाला का? किती लिहू?"

मला जिथे उभा होतो तिथून नीट दिसत होतं. अजून झाला नव्हता. रेघ खडूसारखीच कोरडी होती. मला ते सांगता आलं असतं, माझी जीभ तशी वळलीही होती.

"तुला काय दिसतं?" मी म्हटलं.

तो गुडघ्यावर बसला. झग्याची कड काजळीत गेली. तोंड पाइपाजवळ नेऊन, डोळे बारीक करून तो बघत राहिला, खूप वेळ. वेल्डरला हातानंच म्हणाला, अजून. टॉर्च फिरली. त्यानं दुसरी रेघ मारली, तिसरी मारली. मग पेन कानामागून काढून वहीत काहीतरी लिहिलं, वर वेळ टाकली, खाली नाव.

किती लिहिलं ते मी विचारलं नाही.